वळकटी

जुनी वस्तू टाकून देण्याचे धैर्य आमच्या पिढीत नाही, असे आमच्या घरातील तरुण मंडळींचे ठाम मत आहे. ते अगदीच खोटे आहे असे मला म्हणवत नाही. दिवाळी आठ दिवसांवर आली की माळ्यावरचे सामान खाली उतरते आणि त्याचे तीन ढीग पडतात: ठेवायचे, द्यायचे आणि टाकायचे. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तिसऱ्या ढिगातील निम्म्या वस्तू कोणाच्याही नकळत पहिल्या ढिगात जाऊन बसलेल्या असतात. या कामी माझा हात अधिक चालतो की सौभाग्यवतींचा, याचा निर्णय आजवर लागलेला नाही.

परंतु एका वस्तूच्या बाबतीत आम्ही जुनी माणसेही नव्यांइतकीच निर्दय होतो. ती वस्तू म्हणजे संगणक. चेपलेला तांब्या आम्ही तीस वर्षे वापरू, पण संगणक मंद झाला की तीन वर्षांत भंगारवाल्याची आठवण होते. याचे कारण उघड आहे. तांब्या जुना झाला म्हणून त्यात पाणी कमी मावत नाही. संगणकात मात्र दरवर्षी कमी कमी मावू लागल्यासारखे वाटते. खरे पाहता त्याची मेमरी होती तेवढीच असते. वाढलेले असते ते आपण तिच्यात कोंबावयाचे सामान. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल तिच्या कंपनीने थांबवली आणि पुढच्या प्रणालीसाठी किमान चार जीबी मेमरी व विशिष्ट नवे भाग हवेत, असा दंडक आधीपासूनच होता. तेव्हापासून कितीतरी धडधाकट यंत्रे तिसऱ्या ढिगात गेली असतील.

मी आज ज्या यंत्राची हकीकत सांगणार आहे ते तर त्याहूनही जुने होते.

माझी धाकटी बहीण नंदा साताऱ्यास असते. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान अचानक गेले. ते सरकारी नोकरीत होते. अनुकंपा तत्त्वावर नंदाला त्यांच्याच खात्यात लिपिक म्हणून घेतले. परंतु ठरलेल्या मुदतीच्या आत टंकलेखनाचे प्रमाणपत्र मिळवावयाचे, अशी अट होती. वय त्रेचाळीस, पंधरा वर्षांचा मुलगा, भाड्याची दीड खोली आणि लग्नानंतर वीस वर्षे पोळपाटावर फिरलेली बोटे. या बोटांनी आता मिनिटाला तीस-चाळीस शब्दांच्या वेगाने धावावे, अशी अपेक्षा होती. इन्स्टिट्यूटमध्ये सकाळी तासभर यंत्र मिळायचे. पण टंकलेखन हे गाण्यासारखे आहे. क्लासात नुसती चीज कळते, बसते ती घरच्या रियाजाने.

"एक नवा लॅपटॉप घेऊन टाकू," असे मी फोनवर म्हणालो.

"दादा, नको," ती म्हणाली. "ह्यांचा छोटा लॅपटॉप आहे ना घरात. तो चालू झाला तर बघ. नाहीतर राहू दे."

आमच्या नंदाचे 'राहू दे' ज्यांना ठाऊक आहे, त्यांना पुढे बोलण्यात अर्थ नसतो हेही ठाऊक आहे. भावाकडून भाऊबिजेची ओवाळणी ती घेईल, पण लॅपटॉप घेणार नाही. आणि 'ह्यांचा' या शब्दापुढे तर दुकानातील कोणतेही नवे यंत्र उभे राहू शकत नव्हते. मे महिन्यातल्या एका शनिवारी मी पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि साताऱ्याची एसटी पकडली.

यंत्र पाहिले. २०१० सालचे, दहा इंची पडद्याचे. नेटबुक या नावाने त्या काळी जी यंत्रे निघाली होती त्यांतले एक. अ‍ॅटम जातीचा प्रोसेसर, एकशे साठ जीबीची तबकडी आणि मेमरी एक जीबी. आत विंडोज ७ होते. त्याची देखभाल तर जानेवारी २०२० मध्येच संपलेली. बटण दाबल्यापासून पडद्यावर काही क्लिक करता येईपर्यंत नंदाचा चहा झाला, पिऊन झाला आणि कपही विसळून झाले.

आमचा भाचा ओंकार दहावीत आहे. त्याने यंत्राकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आम्ही लहानपणी कोळशाच्या इस्त्रीकडे पाहत असू.

"मामा, ह्याच्यात एकच जीबी आहे," तो म्हणाला. "आजीच्या फोनमध्येसुद्धा चार आहेत."

"अरे, लिनक्सचा जन्म झाला तो चार एमबीच्या यंत्रावर," मी म्हणालो. ही गोष्ट खरी आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ही प्रणाली लिहावयास घेतली, तेव्हा त्याच्या टेबलावरील यंत्रात चार एमबी मेमरी होती. नंदाच्या यंत्रात तिच्या दोनशे छप्पन्न पट होती. ओंकारने तोंडाने गुणाकार करून पाहिला आणि तो किंचित वरमला.

परंतु नुसत्या गुणाकाराने काम भागत नाही. चार एमबीत जन्मलेले ते बाळ आता चांगले बाळसे धरून होते. मी बरोबर नेलेल्या पेनड्राइव्हवर डेबियन नावाच्या लिनक्सची 'लाइव्ह' आवृत्ती होती. म्हणजे तबकडीला हात न लावता नुसत्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून पाहावयाचे आणि पसंत पडले की तिथूनच तबकडीवर बसवावयाचे. यात सोय अशी की सगळे सामान पेनड्राइव्हवरच असते, इंटरनेटची गरज पडत नाही. नंदाच्या खोलीत ओंकारच्या फोनवर रोज येणाऱ्या दीड जीबीखेरीज इंटरनेट नव्हते. अडचण अशी की तबकडी बाजूला राहिल्यामुळे सगळा संसार त्या एका जीबी मेमरीतच थाटावा लागतो. यंत्र चालू झाले, पडदा उजळला. आम्ही पहिले काम केले ते तबकडीवरील यजमानांचे फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेण्याचे. त्यात 'घरखर्च' या नावाची एक फाइल होती. नंदा ती उघडू देईना. "राहू दे, नंतर बघीन," म्हणाली.

मग बसवण्याचा कार्यक्रम उघडला. पहिला प्रश्न आला, दुसरा आला आणि तिसऱ्या प्रश्नाला पडदा थिजला. माऊसचा बाण हलेना. पंधरा मिनिटांनी यंत्र बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच. मेमरी संपली होती. बाजारात जाऊन मेमरीची पट्टी बदलावी म्हटले, तर दुकानदाराने ती जुन्या जातीची पट्टी आता ठेवत नाही म्हणून हात वर केले.

येथे वाचकांना थोडा वेळ आमच्या गिरगावातल्या चाळीत न्यावे लागेल. त्याशिवाय पुढची गोष्ट सांगता येणार नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण राहत होतो. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच अभ्यास, त्यातच पाहुणे आणि त्यातच झोप. हे कसे जमत असे? उत्तर एका शब्दात देता येते: वळकटी. सकाळी सात गाद्या सात वळकट्या होऊन एकावर एक भिंतीशी जात. वर चादर टाकली की तोच पाहुण्यांचा सोफा. रात्री त्या सुटत आणि खोलीभर अंथरूण पसरे. गादी तीच, कापूस तेवढाच, पण वापरात नसताना ती एक तृतीयांश जागेत राही. ज्या वस्तू वर्षातून एकदा लागत त्या माळ्यावर जात. गाद्या मात्र कोणी माळ्यावर टाकीत नसे, कारण त्या रोज लागत. रोज लागणारी वस्तू माळ्यावर टाकली की सगळा जन्म शिडीवर जातो.

संगणकाचेही असेच आहे. मेमरी ही खोली, तबकडी हा माळा. खोली भरली की संगणक नको असलेले सामान माळ्यावर टाकतो. याला स्वॅप म्हणतात. पण तबकडी ही खरोखरच फिरणारी तबकडी. तिच्यावरची वस्तू शोधावयास सुमारे दहा मिलिसेकंद, म्हणजे दहा हजार मायक्रोसेकंद लागतात. याउलट तेच सामान खोलीतच वळकटी बांधून ठेवले आणि लागेल तेव्हा सोडले, तर नंदाच्या त्या म्हाताऱ्या प्रोसेसरलाही एक वळकटी सोडावयास वीसेक मायक्रोसेकंद पुरावेत. आपल्या हिशेबात सांगायचे तर खोलीतली वळकटी सोडायला एक मिनिट लागत असेल, तर माळ्यावरची गादी उतरवायला आठ तास. तोवर उजाडायचे!

खोलीतल्या खोलीत वळकटी बांधण्याच्या या युक्तीचे नाव झेडरॅम. मेमरीचाच एक कोपरा अडवून त्याला स्वॅपचे रूप द्यावयाचे. जे सामान माळ्यावर जायचे ते तिथे येते, पण येताना दाबून, गुंडाळून येते. मेमरीचे सामान चार चार किलोबाइटच्या पानांत विभागलेले असते. असे एकेक पान दाबले की बहुधा निम्म्या वा एक तृतीयांश जागेत मावते. एखादे पान नुसत्या शून्यांनी भरलेले असेल तर ते साठवीतच नाहीत, 'सगळी शून्ये' एवढी खूण पुरते.

ही युक्ती आणणाऱ्याचे नाव नितीन गुप्ता. आरंभी या कामाचे नाव कॉम्पकॅश असे होते. पुढे त्याचे झेडरॅम झाले आणि मार्च २०१४ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात त्याला पक्के घर मिळाले. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ ने अवघ्या ५१२ एमबीच्या फोनांसाठी हीच युक्ती वापरावयास सांगितली. ऑक्टोबर २०२० मध्ये फेडोरा या नामांकित लिनक्सने तर ती आपल्या साध्या मांडणीतच घातली. तेव्हा वाचकहो, ही केवळ गरिबाची तडजोड आहे असे समजू नका. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही बहुधा याच क्षणी वळकट्या बांधीत बसलेला असेल.

पण सामान दाबतात म्हणजे करतात काय? ओंकारने हाच प्रश्न विचारला.

"तुझ्या आजीचं आरत्यांचं पुस्तक काढ," मी म्हणालो.

आरतीच्या पुस्तकात ध्रुवपद पहिल्यांदा पूर्ण छापतात. दुसऱ्या कडव्यापासून नुसता पहिला शब्द आणि पुढे दोन दंडांत 'धृ'. म्हणणारा मात्र प्रत्येक वेळी पूर्ण म्हणतो. एक अक्षर कमी होत नाही. जे एकदा येऊन गेले ते पुन्हा लिहू नये, मागे बोट दाखवावे, एवढेच हे तत्त्व. अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह या हैफा येथील दोन प्राध्यापकांनी १९७७ साली ते शास्त्रशुद्ध मांडले. झेडरॅममध्ये वापरावयाच्या एलझेड-४ या पद्धतीतील 'एल' आणि 'झेड' ही त्यांचीच आद्याक्षरे. आपल्याकडे ही कला फार जुनी आहे. वडिलांच्या काळच्या पत्रांत 'सा. न. वि. वि.' या चार अक्षरांत एक आख्खा नमस्कार आणि एक आख्खी विनंती घडी घालून ठेवलेली असे. जुलै २०१३ मध्ये तारखाते बंद झाले, तोवर शुभेच्छांच्या तारेतही वाक्याऐवजी नुसता क्रमांक पाठवीत आणि पलीकडचा मास्तर त्याचे पूर्ण वाक्य करून देई. अट एकच: घडी अशी घालावयाची की उलगडली म्हणजे वस्तू जशीच्या तशी हाती यावी.

एवढा तात्त्विक पाया घातल्यावर आम्ही कामाला लागलो. काम चार ओळींचे. यंत्र पुन्हा पेनड्राइव्हवरून चालू केले, बसवण्याचा कार्यक्रम उघडण्यापूर्वी काळी खिडकी उघडली आणि ओंकारला एकेक आज्ञा सांगितली. 'मॉडप्रोब' म्हणून झेडरॅमला हाक मारायची. 'झेडरॅम-सीटीएल'ने एक जीबीचा कोपरा आखून घ्यायचा आणि पद्धत एलझेड-४ सांगायची. 'एमकेस्वॅप'ने त्याला स्वॅपचे रूप द्यायचे. शेवटी 'स्वॅपऑन' म्हणून तो कोपरा चालू करायचा.

"मामा, पण आहेच एक जीबी, त्यातला एक जीबी ह्याला दिला तर उरलं काय?"

प्रश्न अगदी वकिली होता. पण तो एक जीबी म्हणजे सामानाचे बांधण्यापूर्वीचे माप. आखल्याबरोबर तो जागा अडवीत नाही. वळकट्या येतील तसतशी तेवढीच जागा घेतो.

कार्यक्रम पुन्हा सुरू केला. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, तिसरा. बाण अडखळला, पण थांबला नाही. ज्या भागात यजमानांचे फोटो होते तो भाग तसाच ठेवून उरलेल्या जागेत डेबियन बसवावयाचे, असे सांगितले. नंदा पदराला हात पुसत येऊन मागे उभी राहिली होती. "तो भाग नक्की जाणार नाही ना?" असे तिने दोनदा विचारले. दुसऱ्या पेनड्राइव्हवर नक्कल आहे हे तिला दिसत होते. तरी विचारले. मधेच आम्ही वळकट्यांचा हिशेब पाहिला. बांधण्यापूर्वीचे सामान ३९० एमबी, बांधल्यानंतरचे १३०. बरोबर एक तृतीयांश. आमच्या गाद्यांचे प्रमाणही तेवढेच होते, याचा मला उगाचच अभिमान वाटला आणि मी तो बोलून दाखवला. चाळ, गाद्या, सोफा असे सगळे वर्णन मी रंगून केले. एवढ्याशा खोलीत आपण किती मजेत राहत होतो, असा त्याचा समारोप होता.

नंदाने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "पण दादा, त्या वळकट्या बांधायचं कोण?"

"आई."

"किती वाजता?"

"पाच... साडेचार. पाणी यायच्या आधी."

"आणि ह्याच्यात कोण बांधतं?"

"प्रोसेसर."

"मग तो दमत नाही?"

शास्त्रीयदृष्ट्या हा प्रश्न अचूक होता. झेडरॅमवरील कोणत्याही लेखात हेच लिहिलेले असते. जागा फुकट मिळत नाही, तिची किंमत प्रोसेसरच्या श्रमांत मोजावी लागते. दाबणे आणि उलगडणे हे सतत चालू राहते. सामान थोडे असेल तर ते जाणवत नाही. सामान वाढतच गेले, तर बिचारा प्रोसेसर बांधण्या-सोडण्यातच सगळा वेळ घालवतो आणि मूळ काम बाजूला राहते. अशा वेळी यंत्र तापते. हाताला लागते ते गरम. मी हे तिला सांगितले.

"हं," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

त्या दीड खोलीत मी मग सहज नजर फिरवली. एका खुंटीवर तीन पिशव्या. फ्रिजवर ओंकारची पुस्तके आकाराच्या क्रमाने. पलंगाखाली धान्याचे डबे, दाराच्या मागे घडीचे टेबल. सकाळी इन्स्टिट्यूट, मग ऑफिस, संध्याकाळी भाजी, रात्री मुलाचा अभ्यास. या सगळ्यांच्या मधल्या फटींत पत्नी गेल्यावर जो वेळ नवऱ्याला रडण्यासाठी चार माणसे काढून देतात, आणि नवरा गेल्यावर जो बायकोला मिळत नाही, तोही तिने कुठेतरी घडी घालून ठेवला असणार. नातेवाईक तिच्याविषयी म्हणतात, "नंदाचं कौतुक आहे हो, किती थोडक्यात भागवते." भागवते हे खरेच. पण थोडक्यात मावते म्हणून ओझे कमी होत नाही. दाबलेल्या पानाचे वैशिष्ट्यच असे की त्यातले काहीही गळालेले नसते. उलगडले की सगळे जसेच्या तसे.

आणि दाबण्यालाही अंत असतो. एकदा पिळलेला पंचा पुन्हा पिळला तर थेंबभरही पाणी निघत नाही. फोटो, चित्रपट, गाणी हे आधीच दाबून ठेवलेले असतात. त्यांची आणखी वळकटी होत नाही. क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ सालीच गणिताने दाखवून दिले की कोणत्याही मजकुराला एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे दाबले तर काहीतरी कायमचे हरवते. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत मेमरी दुप्पट करून देणारे म्हणून एक सॉफ्टवेअर लाखोंनी खपले आणि मागाहून उघड झाले की ते असे काहीच करीत नव्हते. ज्या घरात 'होईल गं, जमव तू कसंतरी' असे म्हटले जाते, त्या घरातही बहुधा हेच सॉफ्टवेअर वापरतात.

सव्वा तासाने डेबियन बसले. यंत्र बंद करून पेनड्राइव्ह काढला आणि पुन्हा बटण दाबले. या वेळी चहा अर्धाच झाला होता. ओंकारच्या फोनवरून थोडे इंटरनेट घेऊन झेडरॅम-टूल्स नावाची चिमुकली वस्तू बसवली. तिच्यामुळे दर वेळी यंत्र चालू होताना कोपरा आपोआप आखला जातो, आज्ञा पाठ कराव्या लागत नाहीत. पण मी एक नियमही घालून दिला. एका वेळी एकच काम. टंकलेखन चालू असताना ब्राउझर उघडायचा नाही, ब्राउझरमध्ये दोनपेक्षा अधिक पाने उघडायची नाहीत. म्हाताऱ्याकडून काम घ्यावयाचे तर त्याच्या पाठीवरचे ओझेही बघावे लागते.

"नियम यंत्रालाच का?" ओंकार म्हणाला. मुलगा दहावीतला असला तरी कान तिखट आहेत. त्याने त्याच संध्याकाळी घोषणा केली की रात्री नऊ ते दहा ही वेळ आईची, त्या वेळी भांडी तो घासणार. नंदा म्हणाली, "राहू दे." तो म्हणाला, "नाही राहू देणार." आमच्या घराण्यात नंदाच्या 'राहू दे'ला असे उत्तर देणारा हा पहिलाच माणूस. झेडरॅमपेक्षा हा शोध मोठा आहे असे माझे मत आहे. मेमरी दाबून जागा काढणे ठीकच, पण दुसरा एक प्रोसेसर मदतीला आला तर त्याची सर कशालाच नाही.

या गोष्टीपासून वाचकांनी बोध घ्यावा असा माझा आग्रह नाही. परंतु या दिवाळीत माळ्यावरून एखादे जुने यंत्र खाली आले, तर तिसऱ्या ढिगात टाकण्यापूर्वी त्याची मेमरी किती आहे एवढे पाहावे. एक जीबी असली तरी ते लिहील, वाचील, हिशेब ठेवील. चित्रपटांचे वेड मात्र त्याला लावू नये. आधी त्यातले फोटो उतरवून घ्यावेत. आणि मग घरातल्या कुणाचा रियाज जागेअभावी, यंत्राअभावी की वेळेअभावी अडला आहे, याचा शोध घ्यावा. पहिल्या दोन गोष्टींना उपाय सोपा असतो.

परवा मला टपालाने एक पाकीट आले. पत्र टंकलिखित, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतलेले. इंग्रजीची परीक्षा पास झाली, मराठीची राहिली आहे, म्हणून आता मराठीचा सराव चालू आहे, असे नंदाने कळवले होते. 'घरखर्च'ची फाइल एका रविवारी उघडली, शेवटची नोंद दुधाची होती आणि पुढच्या महिन्यापासून तिने तीच फाइल पुढे चालू ठेवली आहे, असेही तिने दोन ओळींत लिहिले होते. पण मी थबकलो तो पत्राच्या मायन्याशीच. जिथे आमचे वडील नुसती चार अक्षरे लिहीत, तिथे तिने सगळे उलगडून लिहिले होते: 'तीर्थरूप दादास साष्टांग नमस्कार विनंती विशेष.' आणि कंसात, माझी बहीण असल्यामुळे, पुढे खुलासा होता: '(सरावासाठी सगळं पूर्ण लिहिलंय. सध्या वेळ आहे.)'